घाटात हाक मारायची नाही

आये, तुझ्या घाटात जाऊन आले. परवा गेले, काल आले, बहुतेक गाडीतच बसून होते, पायाला माती लागली नाही म्हटलं तरी चालेल. पण अंगात शिरलेलं भ्या अजून उतरलेलं नाही. चहाची कपबशी हातात घेतली की ती कुडकुडायला लागते. सून म्हणते, आत्या, गोळी घेतली का? गोळीनं घाट उतरतो का कुठं.

मी सांगते आहे आणि सून लिहिते आहे. मी बोलते एक, ती लिहिते जरा धुऊन-पुसून, तिच्या शाळेतल्यासारखं. लिहू दे. तू शाळेचं तोंड पाहिलं नाहीस, मीही नाही. म्हणजे या पत्राला लिहिणारी एक आणि वाचणारी कुणीच नाही, असा प्रकार आहे. पोस्टात तर टाकायचंच नाही. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझ्यापेक्षा मी म्हातारी झाले. आता समोर आलीस तर कुणी कुणाच्या पाया पडायचं हाही प्रश्नच आहे. पण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. त्या वाटेनं चाललेली आपल्या घरातली मीच एक उरले आहे.

दिवाळी झाली की आपल्या सांगोल्याकडच्या माळावर गवताची काडी उरायची नाही आणि आबा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे. कोकणात उतरायचं, तिथल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची, पाऊस यायच्या आत परत. दिवसामागून दिवस सपाट चालायचं आणि मग घाट यायचा. तिथं आपली फाटाफूट व्हायची. आबा आणि चुलते मेंढरं घेऊन वरच्या कड्याच्या वाटेनं जायचे, आणि बायका, पोरं, घोडी खालच्या वाटेनं. खालची म्हणजे राजरस्ता नव्हे. घोडीच्या चार पायांना पुरेल एवढीच, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. घोडीवर घोंगडी, पातेली, तवा, कोंबड्यांची पाटी, आणि सगळ्यांच्या वर जाळीत बांधलेली वाटेत जन्मलेली कोकरं. त्यांना चालवत नाही म्हणून ती घोडीवर. मलाही चालवत नव्हतं, पण मला कुणी जाळीत घातलं नाही.

घाटाच्या तोंडाशी आलो की तू घोडी थांबवायचीस. वाकून गवताची मूठ उपटायचीस आणि घोडीच्या गळ्यातल्या घंटीत कोंबायचीस. मग आमच्याकडं वळून ओठावर बोट. खाली पोचेपर्यंत कुणी कुणाला हाक मारायची नाही. ठेच लागली तरी तुझं नाव घ्यायचं नाही. कारण कोकरं आपल्यापाशी आणि त्यांच्या आया वर, कड्यावर, आबांच्या कळपात. घोडीची घंटी वाजली, नाहीतर कोकरू ओरडलं, तर मेंढी वळणावळणानं येत बसत नाही. ती सरळ आवाजाकडं येते. आणि तिथं सरळ म्हणजे कड्यावरून. हे तू मला समजावून सांगितलंस असं नाही. तू कधी काय समजावलंस? एक वर्षी ते दिसलंच. जाळीतलं एक कोकरू ओरडलं. तू पुढं झालीस, त्याच्या तोंडात बोट दिलंस, पण तोवर वरून खडे आले. आणि खड्यांमागून मेंढी आली. ती आपल्या पुढ्यातून खाली जाते आहे, तिचे डोळे उघडे आहेत, आणि आपण पडतो आहोत हे तिला ठाऊक आहे असं काही वाटत नाही. ती आपली कोकराकडं निघालेली. तू ओरडली नाहीस. कासरा या हातातला त्या हातात घेतलास आणि मानेनं खूण केलीस, चल. तळावर पोचल्यावर कोकरू शेळीला लावलंस आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. मी काहीच केलं नव्हतं. तो धपाटा कशाबद्दल होता ते मला अजून कळलेलं नाही.

आता तुझ्या पणतीचं ऐक. आठवडाभर ती शहरात सात रस्त्याला एका कचेरीत कॉम्प्युटरपुढं बसते आणि शनिवार उजाडला की मोटरसायकल काढते. तिची स्वतःची आहे, लाल, आवाज असा की शेजारची म्हैस दावं तोडते. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना कासवाच्या पाठीसारखं काहीतरी बांधलेलं. पहिल्यांदा मी विचारलं, "कुटं निगालीस गं लढाईला?" तर म्हणाली, "घाट बघायला, आज्जी." आता घाटात काय बघायचं, सांग. आपण घाट एकदाचा संपावा म्हणून चालायचो, ही घाट लागावा म्हणून जाते. गेल्या वर्षी तर पार हिमालयात जाऊन आली. तिथं म्हणे खिंडीत श्वास पुरत नाही. मी म्हटलं, होटगीत पुरतोय की चांगला, हितंच घे. आमच्या घराच्या गच्चीवरून पाहिलं तर चहूकडं टेकाड म्हणून दिसत नाही, रेल्वेचा पूल तेवढा उंच. अशा गावात हे खूळ आलं कुठनं? तुझा नातू म्हणतो, तुझ्याकडनंच आलं आई, रक्तातनं. रक्तातनं यायला माझ्या रक्तात घाटाचं प्रेम कधी होतं?

ती फाटकातून बाहेर पडली की मी उंबऱ्यात बसून राहते आणि चेष्टा करते. जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणते, आमची घोडी सुटली बघा. चेष्टा करणाऱ्या म्हातारीला कुणी विचारत नाही की बाई, तुला भ्या वाटतंय का. संध्याकाळी तिचा आवाज गल्लीच्या तोंडाला आला की मगच मी पाणी पिते.

गणपती उठले आणि ती माझ्या खाटेवर येऊन बसली. हातात फोन, त्यात नकाशा. "आज्जी, तुमची घोड्यांची वाट कुठून उतरायची? मला नुसता डांबरी रस्ता दिसतोय."

"वढा आडवा येतो. तितं कातळ हाय एक, बसलेल्या म्हशीवानी. त्याच्या अंगानं खाली."

"असले पन्नास कातळ असतील."

"मग त्यातल्या एकोणपन्नास म्हशीच असतील. फोनला विचार की."

ती हसली, पण उठली नाही. म्हणाली, मी येत्या शनिवारी जाते आणि शोधते. एकटी. तिच्याबरोबर हिंडणारे मित्र-मैत्रिणी त्या दिवशी मोकळे नव्हते म्हणे. आये, तेव्हाच माझ्या डोळ्यापुढून ती मेंढी गेली. मी म्हटलं, एकटी न्हाय जायाचं, मी येते. "बाईकवर?" "व्हय, तुज्या म्होरं बसते, टाकीवर." शेवटी तुझ्या नातवानं गाडी काढली. तो आणि मी पुढं, सून मागं, आणि सगळ्यांच्या पुढं ही तिच्या लाल घोडीवर.

सांगोला मागं टाकून पुढं निघालो तेव्हा तुझा माळ दिसला. तिथं आता डाळिंबाच्या बागा आहेत, नळ्यांनी पाणी देतात. एवढं हिरवं तेव्हा असतं तर आपण घाट उतरायला कशाला गेलो असतो? मी तसं बोलून दाखवलं. तुझा नातू म्हणाला, मग आई, तुला सांगायला काय राहिलं असतं? त्याचं बोलणं असं. बापावर गेलाय.

घाटाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. तिथं आता चहाच्या टपऱ्या, कणसं भाजणाऱ्या बायका, आणि कड्याकडं पाठ करून फोटो काढणारी माणसं. कड्याकडं पाठ! मी डोळे मिटून घेतले. आणि धुकं. आपण दिवाळीनंतर जायचो, तेव्हाचं सकाळचं धुकं ऊन आलं की उठून जायचं. भादव्यातलं धुकं उठत नाही, ते वर येऊन बसतं. पोरीनं काचेपाशी येऊन बापाला सांगितलं, "पप्पा, मी हळूहळू पुढं होते. म्हशीचा कातळ सापडला की थांबते, जरा उतरून वाट आहे का बघते. तुम्ही हॉर्न देत या. धुक्यात मला कळेल कुठवर आलात, मी तिथून आवाज देईन." मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायला तोंड नाही. दात गेलेत, कान शाबूत आहेत.

पहिल्या वळणावर तुझ्या नातवानं हॉर्न दाबला. तो आवाज धुक्यात गेला, समोरच्या कड्याला लागला आणि भलत्याच बाजूनं परत आला. दुसऱ्या वळणावर परत तेच. आये, मी गाडीत नव्हतेच. मी तुझ्या मागं चालत होते आणि कुणीतरी घंटीतलं गवत काढून टाकलं होतं. मी त्याचं मनगट धरलं.

"वाजवू नगं."

"आई, पोरगीच म्हणाली ना, हॉर्न द्या म्हणून."

"वाजवू नगं म्हनले न्हवं. आवाजाकडं येईल ती. सरळ येईल."

"अगं, ती रस्त्यावर आहे."

"कशावरनं?"

हा रेल्वेतल्या नोकरीत हाताखालच्या माणसांवर खेकसतो, पण आईनं मनगट धरलं की अजून पाचवीत जातो. त्यानं हॉर्नवरचा हात काढला. मागून सून हळूच म्हणाली, "अहो, द्या की." मी मान वळवून तिच्याकडं पाहिलं.  मग आम्ही तसेच मुकाट उतरत गेलो, दिवे लावून, पांढऱ्यात. काचेवर पाणी, एका अंगाला डोंगर, आणि दुसऱ्या अंगाला काही दिसत नाही म्हणजे काही नाहीच असं धरून चालायचं. मला वाटलं, मी पोरीला वाचवते आहे. खरंच वाटलं. पुढच्या वळणावर असेल, पुढच्या वळणावर असेल, असं म्हणता म्हणता उतार संपला, नारळाची झाडं दिसली, आणि पोरगी काही दिसली नाही.

खाली पानाची टपरी आहे. तुझ्या नातवानं उतरून विचारलं, लाल बाईकवर एक मुलगी गेली का? तो माणूस म्हणाला, "मघापासून हितंच बसलोय मी. एक एसटी आली, दुसरं कोण नाय." फोन लावला तर लागेना, तिकडं वर रेंजच नाही म्हणे.  सून जाऊन गाडीत बसली आणि दार ओढून घेतलं. त्या दाराचा आवाज मला जरा जास्तच मोठा वाटला.

परत वर निघालो. आता मी चेष्टा करत नव्हते. समोरून कसलेही दिवे आले की तीच असेल वाटायचं, आणि निघायचा ट्रक. अर्धा घाट चढल्यावर ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, आणि त्याच्या कडेला ती लाल गाडी उभी होती. आरशाला हेल्मेट अडकवलेलं. बाजूला कातळ. अगदी बसलेली म्हैस, आये, पाठीवर शेवाळ. आम्ही उतरताना त्या लाल गाडीच्या अगदी जवळून गेलो होतो, हात लांब केला असता तर लागली असती, आणि आम्ही मुकाट गेलो.

रस्त्याच्या कडेला कठडा आहे, कंबरेएवढा. त्याच्या पलीकडं तुझी वाट. तुझ्या नातवानं वाकून पाहिलं. गवत हातभर खाली गेलेलं दिसतं, त्यानंतर पांढरं. मी काठी टेकत कठड्यापाशी गेले. सून म्हणाली, "हाक मारा." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मघाशी मीच त्याचं मनगट धरलं होतं ना. तो वाट बघत उभा राहिला, की आई काय म्हणते. सुनेनंही माझ्याकडं पाहिलं. हाक मारली आणि ती आवाजाच्या अंगानं सरळ निघाली तर? न मारली आणि ती तिथंच कुठं लटकलेली असली तर? मग सून वळली, कठड्यावर पोट टेकलं आणि तिनं हाक मारली. लग्न होऊन आल्यापासून या बाईचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. पोरीचं घरातलं लाडकं नाव घेतलं तिनं, जे चारचौघांत घेतलेलं पोरीला खपत नाही. ते नाव समोरच्या कड्यानं घेतलं, मागच्या डोंगरानं घेतलं, घाटात जिकडंतिकडं आयाच उभ्या असल्यासारखं झालं. मी डोळे मिटले आणि खडे पडायची वाट बघत राहिले.

खालून आवाज आला. लांबून नाही, अगदी पायाखालून.

"मम्मी, ओरडू नको. सगळीकडून ऐकू येतंय. नुसती बोल. हळू बोल, थांबू नको."

काय बोलायचं?  सून सुचेल ते बोलायला लागली. डब्यात भाकरी आहे. शेंगाची चटणी आणली आहे, तेल वेगळं बांधलं आहे, सांडलं नसलं म्हणजे बरं. शेजारच्या काकूंनी कपडे काढून ठेवते म्हणून सांगितलं आहे. सोमवारी गॅस येणार आहे, त्या माणसाला फोन करायला हवा. तुझ्या निळ्या ड्रेसची काख उसवली आहे, ती शिवायला घेतली आहे. असं काहीबाही, स्वयंपाकघरात बोलावं तसल्या आवाजात, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. कडा काही बोलला नाही. ओरडलं की कडा ओरडतो. नुसतं बोललं तर त्याला ऐकूच जात नाही वाटतं. आणि त्या बोलण्याच्या अंगानं पांढऱ्यातून आधी एक हात आला, मग डोकं. तुझ्या नातवानं दंडाला धरून तिला कठड्यावरून ओढून घेतलं. गुडघ्यावरचं ते कासव फाटलेलं, नखांत माती. ती आईच्या गळ्यात पडली आणि पहिलं काय विचारलं तर, "हॉर्न का नाही दिलात?"

वाट सापडली म्हणून ती थोडीशी उतरली होती. तेवढ्यात धुकं भरून आलं. वर यायला वळली तर वाट दिसेना, एक पाय टाकला तर खाली काही लागेना. मग गवत धरून जागच्या जागी बसली, हॉर्नची वाट बघत. "एक गाडी गेली खाली, ऐकली मी. हॉर्न नाही दिला म्हणून मला वाटलं दुसरीच कुणाची." हे ती म्हणाली तेव्हा तुझा नातू रस्त्याकडं बघत होता आणि सून माझ्याकडं बघत नव्हती.

मी म्हटलं, "घाटात हाक मारायची न्हाय. माज्या आयेची रीत हाय ती. आवाजाकडं मेंढरू सरळ येतं."

"आज्जी, मी काय मेंढी आहे का?"

"मेंढरं बरी, बाई. शनिवारी घरी असतात."

पोरगी हसली. तुझा नातूही हसला. रात्रीचा मुक्काम वरच्या गावात केला, सकाळी निघालो, आणि वाटेत चहाला थांबलो तिथं त्यानं टपरीवाल्याला ही गोष्ट रंगवून सांगितली, घंटीतल्या गवतासकट. घरी आल्यावर गल्लीत सांगितली. सगळे म्हणाले, जुन्या माणसांची रीत, तिच्यामागं काहीतरी असतंच. मीही मान डोलावली. पोरगी आता म्हणते, थंडीत परत जाऊ, धुकं नसेल, वाट पार खालपर्यंत उतरू. माझी कपबशी परत वाजायला लागली आहे.

आये, गाडीत त्याचं मनगट धरलं तेव्हा तुझी रीतच माझ्या डोक्यात होती, ते खरं. चुकीचं होतं, पण खरं. कठड्यापाशी मात्र रीत-बीत काही नव्हती. तो माझ्याकडं बघत होता तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की हाक मारायची. तोंड उघडलं, आणि आतून काही आलंच नाही.  नंतर सगळं तुझ्या नावावर खपवलं, कारण तू काही इथं नाही म्हणायला येत नाहीस. आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं आहे, ती मेंढी पुढ्यातून गेली तेव्हा तू ओरडली नाहीस, ते रीत म्हणून, की तुझंही असंच झालं होतं?

एवढं सांगून मी थांबले. सूनही लिहायची थांबली. मी म्हटलं, हे खोडायचं तर खोड. ती म्हणाली, "आत्या, मी बघितलं होतं. तुमचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. म्हणून तर मी हाक मारली."